एक फुफ्फुस निकामी झालं, तरी या माणसानं माणसांच्या कठपुतळ्या करून अख्खं रामायण नाचवलं

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात येलदरी आहे. पूर्णा नदीवरचं धरण, पायथ्याला वीजघर आणि येलदरी कॅम्प. मराठवाड्यात पाऊस लांबला की येलदरीत किती टक्के पाणी उरलंय ही बातमी हमखास येते. एरवी हे नाव बातम्यांत फारसं नसतं.

इथं कुणाला वसाहत म्हणजे काय असं विचारलं, तर तो धरणाच्या कर्मचाऱ्यांच्या क्वार्टर्सकडं बोट दाखवेल. त्यामुळं सध्या इन्स्टाग्रामवर फिरणारी डीकॉलोनिअल डान्स वर्कशॉपची पोस्टर्स पाहून गडबड होऊ शकते. वसाहतमुक्त नृत्य म्हणजे नेमकं काय? क्वार्टर्स सोडून नाचायचं का?

तर तसं नाही. या कार्यशाळांमागची कल्पना साधी आहे. इंग्रज गेले, पण जाताना आपल्या अंगात काही गोष्टी ठेवून गेले. कसं उभं राहायचं, कुठली हालचाल सभ्य आणि कुठली गावंढळ, कुणाच्या नाचाला कला म्हणायचं आणि कुणाच्या नाचाला तमाशा म्हणून नाक मुरडायचं. हे सगळं शाळेतल्या ड्रिलपासून लग्नाच्या वरातीपर्यंत आपल्यात मुरलेलं आहे. मग दहा-वीस जणांनी एकत्र यायचं, आपल्याच शरीराकडं नव्यानं बघायचं, आजीच्या फुगडीतली, शेतातल्या कामातली हालचाल पुन्हा करून बघायची आणि त्यातून बोलायचं.

हे परदेशातून आलेलं नवं फॅड आहे असं अनेकांना वाटतं. पण मुंबईत, अंधेरीच्या एका बंगल्यात, 1944 मध्ये बरंचसं हेच सुरू होतं. तेव्हा इंग्रज अजून इथंच होते. आणि त्या बंगल्यातली पोरं जे नाच शिकत होती, त्यात एक होता लंबाडी नाच. लंबाडी म्हणजे लमाण, म्हणजे आपला बंजारा समाज. तेव्हाच्या हैदराबाद संस्थानात जागोजागी त्यांचे तांडे होते आणि आजचा परभणी जिल्हा त्याच संस्थानात होता. होळीच्या दिवसांत जिंतूरच्या बाजूला एखाद्या तांड्यावर गेलात, तर आरसे लावलेल्या फेटिया-कांचळीतल्या बायका लेंगी गात गोल धरून नाचताना आजही दिसतील.

हा नाच मुंबईच्या रंगमंचावर बसवणाऱ्या माणसाचं नाव शांती बर्धन.

बर्धन यांचा जन्म 1916 चा, कोमिल्लाचा. हे शहर आज बांगलादेशात आहे, त्रिपुराच्या सीमेला अगदी खेटून. त्यामुळं लहानपणापासून त्यांच्या डोळ्यांसमोर त्रिपुरातल्या डोंगरी लोकांचे नाच होते. पुढं ते मणिपुरी शिकले आणि त्यात चांगले तयार झाले.

त्या काळात नाचणारा पुरुष म्हणजे घरच्यांची चिंता वाढवणारं प्रकरण. आणि नाचणाऱ्या बाईबद्दल तर बोलायलाच नको. 1890 च्या दशकात मद्रासकडं नाचाविरुद्ध चळवळ उभी राहिली होती. त्यात मिशनरी होते आणि इंग्रजी शिकलेले आपले सुधारकही. देवदासींचं शोषण होत होतं हे खरंच होतं. पण ते थांबवताना त्यांच्या अंगातली कलाच घाण आहे असं ठरवलं गेलं. तिकडं 1871 मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि भटकणाऱ्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहणारा बंजारा समाज रेल्वे आल्यावर धंद्यातून उठला होताच, वर संशयाच्या यादीतही गेला. तो कायदा स्वातंत्र्यानंतर रद्द झाला, तरी महाराष्ट्रात बंजारा आजही विमुक्त जातींत मोडतात, त्याचं मूळ इथं आहे.

म्हणजे मंदिरातली नाचली तर ती बदनाम आणि तांड्यावरची नाचली तर तिच्यामागं पोलीस. या पार्श्वभूमीवर बर्धन यांच्या पिढीनं नाच हातात घेतला.

1940 च्या सुमाराला ते अल्मोड्याला पोचले. तिथं उदय शंकर यांनी संस्कृती केंद्र उभं केलं होतं. उदय शंकर म्हणजे त्या काळातले जागतिक स्टार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकलेले, लंडनला गेलेले, तिथं ॲना पावलोव्हा या रशियन नर्तकीबरोबर नाचलेले आणि मग भारतात परतलेले. अल्मोड्यात कथकलीला शंकरन नंबुद्री, भरतनाट्यमला कंदप्पा पिल्लै आणि संगीताला उस्ताद अल्लाउद्दीन खाँ अशी तगडी मंडळी होती. झोहरा सेहगल तिथं शिकवायच्या. विद्यार्थ्यांमध्ये एक पोरगा होता गुरुदत्त, जो पुढं पुण्याच्या प्रभातमध्ये गेला आणि नंतर प्यासा केला.

बर्धन तिथं मणिपुरीच्या बाजूनं आले आणि बरंच काही घेऊन निघाले. अल्मोड्यात फक्त मुद्रा घोटून घेत नसत. चालायचं कसं, बघायचं कसं, समोरच्याच्या हालचालीला आपल्या हालचालीनं उत्तर कसं द्यायचं, एखादा विषय घेऊन जागच्या जागी नाच कसा रचायचा, हे सगळं वर्गात होई. आजच्या वर्कशॉपमध्ये इम्प्रोव्हायझेशन म्हणून जे चालतं ना, ते हेच. उदय शंकर यांनी मजूर आणि यंत्र या विषयावरही नृत्यनाट्य केलं होतं. म्हणजे देवादिकांच्या पलीकडं, कारखान्यातल्या माणसाचं अंगही रंगमंचावर येऊ शकतं हे तिथल्या पोरांनी पाहिलं होतं.

पण अल्मोडा हे डोंगरावरचं, थंड हवेतलं, देणग्यांवर चाललेलं स्वप्न होतं. खाली मैदानात वेगळंच सुरू होतं.

1943 मध्ये बंगालमध्ये भूक पसरली. महायुद्ध चालू होतं, जपाननं ब्रह्मदेश घेतल्यावर तिकडचा तांदूळ बंद झाला होता, जपानी आले तर त्यांच्या हाती काही लागू नये म्हणून इंग्रजांनी किनाऱ्यावरच्या होड्या आणि धान्य काढून घेतलं होतं, व्यापाऱ्यांनी साठे दाबले होते. अंदाजे 30 लाख माणसं गेली. कोमिल्ला याच बंगालमध्ये.

त्याच वर्षी 25 मे रोजी मुंबईत इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, म्हणजे इप्टा स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष होते कामगार नेते ना. म. जोशी. ज्यांच्या नावाच्या रस्त्यानं लोअर परळमध्ये रोज लाखो लोक जातात, तेच. बंगालमधून विनय रॉय यांचं पथक भुकेची गाणी घेऊन महाराष्ट्रात फिरलं, लोकांनी रडत रडत मदत दिली. इकडं अण्णाभाऊ साठे यांनी बंगालच्या दुष्काळावर पोवाडा रचला आणि 1944 मध्ये अमर शेख, गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक काढलं. मुंबईतल्या चाळींना कळलं की गाण्यानं पोट भरत नाही, पण गाण्यानं पैसा आणि माणसं गोळा होतात.

मग ठरलं की देशभर फिरणारं एक कायमचं पथक हवं. कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी यांचा त्यात मोठा पुढाकार होता. आणि योगायोग असा की नेमकं 1944 मध्येच अल्मोड्याचं केंद्र पैशाअभावी बंद पडलं. तिथली तयार मंडळी मोकळी झाली. शांती बर्धन, संगीतकार अबनी दासगुप्ता, सचिन शंकर, नरेंद्र शर्मा मुंबईला आले. थोड्या काळानं उदय शंकर यांचे धाकटे भाऊ रवि शंकर सतार घेऊन आले. अंधेरीतल्या बंगल्यात इप्टाचं केंद्रीय पथक राहू लागलं.

आता हा बंगला डोळ्यांसमोर आणा. एकीकडं अल्मोड्याचे तालेवार कलाकार. दुसरीकडं कॉलेज सोडून आलेली, चळवळीतली पोरं-पोरी, ज्यांतल्या अनेकांनी आयुष्यात कधी पायात घुंगरू बांधले नव्हते. दीना गांधी, म्हणजे पुढच्या दीना पाठक. त्यांची बहीण शांता गांधी. प्रेम धवन, जे नंतर हिंदी सिनेमाचे गीतकार झाले. गुजराती घरातली गुल झवेरी. रेखा जैन. चित्रकार चित्तप्रसाद, ज्यांनी दुष्काळातली हाडकलेली माणसं काळ्या शाईत काढली होती आणि नगारा बडवणाऱ्या माणसाचं इप्टाचं बोधचिन्हही काढलं. वेगवेगळ्या भाषांची, जातींची, धर्मांची ही तरुण माणसं एकत्र राहायची, एकत्र जेवायची आणि दिवसभर तालीम करायची. 1944 च्या मध्यमवर्गीय हिंदुस्थानात हे पुरेसं खळबळजनक होतं.

बर्धन यांच्यापुढचा प्रश्न अवघड होता. या पोरांना मणिपुरी किंवा कथकली शिकवायचं तर दहा वर्षं लागतील. तेवढा वेळ कुणाकडं होता? मग त्यांनी दुसरीकडून सुरुवात केली. धोबी कपडा आपटतो तेव्हा कंबरेतून काय होतं? कापणीला वाकलेली बाई उभी राहते तेव्हा तिचा श्वास कुठं असतो? ओझं डोक्यावर असलं की मान कशी राहते? कामाच्या हालचाली आणि गावोगावचे लोकनाच हा कच्चा माल आणि त्याला बांधायला अल्मोड्याची शिस्त. धोब्यांचा नाच, लंबाडी नाच असे छोटे तुकडे पथकाच्या कार्यक्रमात यायचे, ते या रीतीनं.

आणि मग मोठी कामं. 1944 च्या अखेरीला भारत की आत्मा आलं. त्यात गुलामीतला देश होता, परकी सत्ता होती, जमीनदार होता, धान्य दाबून बसलेला साठेबाज होता. सगळे नाचत यायचे. शेवटाला काँग्रेस आणि मुस्लीम लीग यांनी एकत्र यावं अशी आशा. पुढं रवि शंकर यांच्या संगीतात अमर भारत आलं, ज्यात देशाचा हजारो वर्षांचा प्रवास, गोऱ्या व्यापाऱ्यांचं येणं आणि लोकांचं उठणं होतं. आज आपण जे सारे जहाँ से अच्छा गुणगुणतो, त्याची चाल रवि शंकर यांनी याच दिवसांत, याच इप्टासाठी बांधली.

यातली खरी कमाल कुठं आहे? ज्या राजवटीनं लमाणाला संशयित ठरवलं होतं, धोब्याला अडाणी ठरवलं होतं, तिच्याच नाकाखाली त्यांच्या अंगाच्या हालचालींतून तिच्याविरुद्धची गोष्ट सांगितली जात होती. शब्दांवर 1876 च्या नाट्यप्रयोग कायद्याचा डोळा होता, संहिता पोलिसांकडं जायची. पण वाकलेली कंबर ताठ होते, या हालचालीवर लाल शाई कशी मारणार?

अर्थात सगळं गोड नव्हतं. 1942 मध्ये गांधीजींनी चले जाव म्हटलं तेव्हा कम्युनिस्ट पक्ष त्या लढ्यात नव्हता. फॅसिझमविरुद्धचं युद्ध लोकांचं युद्ध आहे अशी त्याची भूमिका होती आणि त्याच काळात इंग्रजांनी पक्षावरची बंदीही उठवली होती. म्हणजे हजारो सत्याग्रही तुरुंगात असताना पथकाला उघडपणे फिरता येत होतं, त्यामागं हेही कारण होतं. अनेक काँग्रेसवाल्यांना ही मंडळी डोळ्यांत खुपायची आणि ते समजण्यासारखं आहे.

दुसरा प्रश्न आजही सुटलेला नाही. कॉलेजातल्या मुलीनं तांड्यावरच्या बाईचा नाच शिकला, टाळ्या घेतल्या, मग तांड्यावरच्या बाईला काय मिळालं? येलदरीच्या परिसरातला माणूस तेव्हा निजामाची प्रजा होता आणि निजामाच्या डोक्यावर इंग्रज. त्याला 15 ऑगस्ट 1947 नंतरही 17 सप्टेंबर 1948 पर्यंत वाट बघावी लागली. त्याच्या शेजारच्या तांड्याला माणूस म्हणून मोजणारा कायदा यायला आणखी काही वर्षं गेली. मुंबईच्या रंगमंचावर त्यांचा नाच आधी पोचला, ते स्वतः नंतर. बर्धन यांच्या बाजूनं एवढं नक्की म्हणता येईल, की त्यांनी तो नाच मसाला म्हणून वापरला नाही. देशाच्या गोष्टीत शास्त्रीय नृत्याला जो मान, तोच त्यालाही दिला.

1946 उजाडलं. फेब्रुवारीत मुंबईत नाविकांचं बंड झालं, रस्त्यावर गोळीबार झाला, पथकानं त्यावरही नाच बसवला. त्याच वर्षी ख्वाजा अहमद अब्बास यांचा धरती के लाल आला. बंगालच्या दुष्काळावरचा हा सिनेमा इप्टानं काढला होता. गर्दीच्या दृश्यांत आपल्या धुळे भागातले शेतकरी होते. संगीत रवि शंकर यांचं, नृत्यं शांती बर्धन यांची. धुळ्याची माणसं बंगालचे भुकेले म्हणून चालली.

पण अंधेरीतला बंगला फार टिकला नाही. पैसा आटला, पक्षाचं धोरण बदलू लागलं, इतकं घोटीव पथक लोकांचं कसं म्हणायचं अशी कुजबुजही होतीच. स्वातंत्र्याच्या तोंडावर केंद्रीय पथक संपलं. बर्धन आणि रवि शंकर यांनी मग इंडियन नॅशनल थिएटरसाठी डिस्कव्हरी ऑफ इंडिया केलं. नेहरूंनी नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलेल्या ग्रंथावरचं हे नृत्यनाट्य. 1947 च्या वसंतात दिल्लीत आशियाई देशांची परिषद भरली तेव्हा ते पाहुण्यांसमोर झालं.

तोवर बर्धन खोकू लागले होते.

क्षय. त्या काळी हा शब्द घरात मोठ्यानं उच्चारत नसत. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध नुकताच लागला होता, पण ते इथं मिळणं दुर्मीळ आणि मिळालंच तर न परवडणारं. उपाय म्हणजे सॅनेटोरियम, मोकळी हवा, अंडी-दूध आणि पडून राहणं. त्यानं भागलं नाही तर शस्त्रक्रिया. छातीच्या बरगड्या काढून रोगट फुफ्फुस दाबून टाकत, म्हणजे ते हलणारच नाही आणि रोग पसरणार नाही. बर्धन यांची ऐन तिशीतली काही वर्षं या आजारात गेली. ते उठले तेव्हा एक फुफ्फुस निकामी झालेलं होतं.

नर्तकासाठी याचा अर्थ काय? उडी नाही, गिरकी नाही, लांबलचक दमसास नाही. इतरांना दाखवायचं तरी दोन मिनिटांत धाप लागणार. कुणीही म्हटलं असतं की आता शिकवण्या घ्या आणि गप्प बसा.

1952 मध्ये त्यांनी पुन्हा अंधेरीतच लिटल बॅले ट्रूप काढला. सोबत होती गुल झवेरी, जी आता गुल बर्धन होती. केंद्रीय पथकात नाच शिकलेली ही मुलगी त्यांच्या आजारातही सोबत होती. आणखी काही जुने-नवे सवंगडी जमले. पैसे नव्हतेच, पण पैसे नसण्याची सवय सगळ्यांना होती.

आणि त्यांनी बसवायला घेतलं रामायण. पण कसं, तर कठपुतळीचं. राजस्थानी बाहुल्या नाचतात ना, तसे जिवंत नर्तक नाचणार. चेहऱ्यावर मुखवटा, अंगावर चौकोनी, कडक वाटणारे कपडे आणि हालचाल अशी, जणू वरून कुणी दोरी ओढतंय. मान झटक्यात वळते, हात कोपरातून लटकतो, पाऊल उचललं की सबंध अंग डुलतं. गोष्टीची सुरुवात गावच्या जत्रेत. कठपुतळीवाला येतो, खेळ मांडतो आणि राम-सीता-रावण हलायला लागतात.

ऐकायला गमतीचं वाटतं. करून बघा. दोन मिनिटं बाहुलीसारखं चाला. आपलं शरीर किती वर्षांच्या सवयींनी भरलंय ते लगेच कळतं, कारण बाहुलीला एकेक सांधा वेगळा हलवावा लागतो आणि मध्ये कुठंही स्वतःचा लाडिकपणा चालत नाही. इथं चेहराच झाकलेला असल्यानं डोळे मोडणं, ओठ दुमडणं सगळं बाद. भाव सांगायचा तो फक्त मान, खांदा आणि पाठीतून. श्वास कमी पडणाऱ्या माणसानं तुकड्या-तुकड्यांत थांबणारी हालचाल शोधावी, यात त्याच्या छातीचा वाटा किती आणि राजस्थानच्या बाहुल्यांचा किती, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही. पण दोन्ही दिसतात.

1953 मध्ये हे रामायण मुंबईत रंगमंचावर आलं आणि लोक वेडे झाले. पोरंटोरं हसत होती, म्हातारी माणसं हात जोडत होती आणि नृत्याचे जाणकार गप्प होते, कारण याला कुठल्या घराण्यात बसवावं हेच त्यांना कळेना. भरतनाट्यम नाही, कथकली नाही, पाश्चात्त्य बॅले तर अजिबात नाही. नावातला बॅले हा शब्द तेवढा उसना. पुढची कित्येक दशकं हे रामायण देशात आणि परदेशात होत राहिलं.

बर्धन यांना मात्र थांबायचं नव्हतं. त्यांनी लगेच पंचतंत्र घेतलं. कावळा, उंदीर, कासव आणि हरीण यांच्या मैत्रीची गोष्ट. शिकाऱ्याच्या जाळ्यातून एकमेकांना सोडवणाऱ्या चार लहान जिवांची. आधी धोबी आणि लमाण, मग बाहुल्या, आता प्राणी. नर्तकांनी प्राणी बघायचे, त्यांची मान, त्यांचं दचकणं, त्यांचं थांबणं अंगात आणायचं अशी तालीम सुरू झाली.

सप्टेंबर 1954 मध्ये शांती बर्धन गेले. वय 38. पंचतंत्र अर्धंच बसलं होतं.

गुल बर्धन आणि बाकीच्या मंडळींनी उरलेलं पूर्ण केलं आणि ते रंगमंचावर आणलं. संस्था पुढं मुंबईतून ग्वाल्हेरला आणि तिथून भोपाळला गेली. गुल यांनी 2010 पर्यंत, म्हणजे पतीच्या मागं 56 वर्षं ती सांभाळली. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या गेल्या. तोवर रामायणातली पात्रं करणाऱ्या नर्तकांच्या पिढ्या बदलल्या होत्या. नवा पोरगा आला की पहिले काही दिवस त्याला जुन्या नर्तकाशेजारी उभं करायचं आणि दोरी नसताना दोरीनं ओढल्यासारखं चालायला शिकवायचं.